गोदावरीच्या डेल्टातल्या वाळूचं वय ल्युमिनेसन्सनं काढलं तर विश्वास ठेवावा का, की कार्बन डेटिंगच करावं?

विश्वास ठेवा, पण रिपोर्ट हातात आला की आधी पाण्याच्या टक्केवारीचा कॉलम बघा, वयाचा नंतर. लोक नेमकं उलटं करतात.

तुम्ही लिहिलंय की गाईड म्हणायलेत ओएसएलमध्ये (म्हणजे ल्युमिनेसन्सच्या याच पद्धतीत) फार अंदाज असतो, कार्बनच करा. ही पद्धत अशी: गाडलेला दाणा आजूबाजूच्या रेडिएशनचा डोस साठवत जातो, ऊन लागलं की तो रिकामा होतो; साठलेला डोस भागिले दरवर्षीचा डोस म्हणजे गाडल्यापासूनची वर्षं. मी नांदेडची, एमएस्सी जिऑलॉजीनंतर एका प्रोजेक्टवर कोनसीमात, म्हणजे आंध्रातल्या याच डेल्टात, सॅम्पलिंगला होते, त्यामुळं हे वाचून राहवलं नाही.

गौतमी आणि वसिष्ठा या दोन फाट्यांच्या मधे, नारळाच्या बागेला लागून एक मत्स्यतळं खोदलेलं होतं, त्याची उभी कापलेली कड आम्हाला मिळाली. वर कोरडी वाळू, मधे गंजाचे तांबडे ठिपके, खाली निळसर करडा थर. पाइप ठोकले, तोंडं काळ्या प्लास्टिकनं बांधली, सगळं रीतसर. लॅबमधे त्या खालच्या थराचं पाणी निघालं पाच-सहा टक्के. प्रोजेक्टचे सर म्हणले, मोजलंय तेवढंच लिहा, मनाचं काही घालायचं नाही. मी म्हणले सर, ती कड कित्येक महिने उघडी पडलीय, वर एप्रिलचं ऊन, पाणी निथळून गेलंय, पण तळ्याच्या आधी तो थर हजारो वर्षं भिजलेलाच असणार, रंगच सांगतोय की! लोखंड गंजलेलं नाही म्हणजे हवा पोचलेलीच नाही. माझे मामा गंगाखेडला विहिरी खोदायचे, ते पण कडेची माती बघून सांगायचे की पाणी कुठवर चढतं न् कुठं कायम राहतं. हे सांगितलं तर सर सगळ्यांसमोर म्हणले, विहिरीचं शास्त्र इथं नको.

आता हिशोब बघा. वाळूतलं पाणी युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचं रेडिएशन शोषून घेतं, दाण्याला दरवर्षी कमी डोस मिळतो, म्हणजे दाण्यात साठलेला तोच डोस जमायला जास्त वर्षं लागली. ढोबळमानानं एक टक्का पाणी वाढलं की वय एक टक्का वाढतं. वाळू पूर्ण भिजलेली असली तर पाणी पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे पाच धरून ३००० वर्षं येणारा थर पंचवीस धरला की ३६०० च्या घरात जातो. एवढा फरक मशीनमुळं सहसा पडत नाही. १९८५ मधे हंटली आणि सहकाऱ्यांनी ओएसएल मांडलं, २००० मधे मरे आणि विंटल यांचा एसएआर प्रोटोकॉल, म्हणजे दाण्यातला डोस मोजायची ठरलेली रीत, आला, तेव्हापासून डोस मोजायची बाजू चांगली पक्की आहे. डोस रेटची, म्हणजे दरवर्षी किती डोस मिळाला याची बाजू मात्र खड्ड्यात उभं राहून ठरते आणि तिथंच लोक आळस करतात. याला अंदाज म्हणा हवं तर, पण भिजलेल्या थराला कोरडं धरणं हा पण अंदाजच आहे आणि तो चुकीचा आहे.

दुसरं म्हणजे क्वार्ट्झ, ज्या खनिजाचे दाणे आपण मोजतो ते. आपल्याकडं सगळे अभिमानानं सांगतात की डेल्टा आपल्या मातीनं बनला. चिकणमाती बरीचशी दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे हे खरं, पण बेसाल्टमधे डेटिंगच्या कामाचा क्वार्ट्झ जवळपास नसतोच. तो येतो पुढं खाली मिळणाऱ्या प्राणहिता, इंद्रावती, शबरी या उपनद्यांकडच्या वालुकाश्म आणि ग्रॅनाइट-नाइसमधून. नांदेडच्या वाळूवर प्रॅक्टिस करून डेल्टाच्या सॅम्पलबद्दल मत बनवू नका.

ब्लीचिंगबद्दल, म्हणजे उन्हानं दाणे रिकामे होण्याबद्दल तुम्ही विचारलंय, तर पुराच्या गढूळ पाण्यात आलेले सगळे दाणे उन्हात पूर्ण रिकामे होत नाहीत आणि वय फुगतं, म्हणून नदीपात्रातल्या थरांना सिंगल ग्रेन (एकेक दाणा वेगळा मोजणं) आणि मिनिमम एज मॉडेल (सगळ्यात कमी डोसच्या दाण्यांवरून वय काढणं) लावा. आजच्या पात्रातली ताजी वाळू पण एक सॅम्पल म्हणून न्या, तिचं वय शून्याच्या जवळ आलं नाही तर काय ते कळेलच. क्वार्ट्झऐवजी फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाच्या मागं लागलात तर फेडिंग, म्हणजे साठलेला सिग्नल आपोआप गळणं, तपासावं लागतं, ते वेगळं दुखणं.

कार्बन वाईट नाही. थरात जागेवरच गाडले गेलेले शिंपले, लाकूड मिळालं तर जरूर करा, पण समुद्री शिंपल्याला रिझर्व्हॉयर करेक्शन (समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनसाठीची दुरुस्ती) लागतं, वाहून आलेलं लाकूड थराहून कितीही जुनं असू शकतं, आणि नुसत्या वाळूत कार्बन आणणार कुठून.

हां, एक सांगायचं राहिलं, पाण्याचं हे सगळं खालच्या भिजलेल्या थरांसाठी. जुन्या किनाऱ्याच्या उंच वाळूच्या पट्ट्यांत पाणी निथळून जातं, लाटांनी दाणे उन्हात घोळवलेले असतात, तिथं इतकी चिंता नाही आणि पहिलं सॅम्पल तिथलंच घ्या. बाकी ठिकाणी वाळू लॅबमधे पूर्ण भिजवून तिचं पाणी वेगळं मोजा, कडेच्या रंगाचे फोटो काढा, आणि रिपोर्टात दोन्ही आकडे धरून दोन्ही वयं छापा. गाईड नको म्हणले तरी छापा.