आईंना कुणी सांगितलं?

सिंहगड रोडवरच्या एका वाचकांचं पत्र आहे. लग्नाला सात वर्षं झाली आहेत. मागच्या महिन्यात बायकोला ताप आला, लघवीला आग व्हायला लागली, नाजूक जागी फोड उठले. डॉक्टरांनी जननेंद्रियाचा हर्पिस सांगितला. ते विचारतात, ‘मला आजवर काही झालेलं नाही, मग तिला हे आलं कुठून? ती शपथा घेते. विश्वास ठेवू का?’

पत्र लांबलचक आहे आणि त्यात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘आईने तिचं ताट-तांब्या वेगळं केलंय.’ माझं बाकीचं वाचणं तिथेच थांबलं.

आईंना कळलं कसं? डॉक्टर सांगणार नाहीत, बायको तर नाहीच नाही. म्हणजे तुम्ही सांगितलंत. दवाखान्यात दार लावून झालेलं बोलणं तुम्ही स्वयंपाकघरात नेलंत, आणि तिचं ताट बाजूला निघालं तेव्हा मुकाट जेवत राहिलात. फसवलं गेल्याचं दुःख तुम्ही पानभर लिहिलंय. त्यावर मी आज काही बोलणार नाही. आई घाबरल्या असतील, पण घाबरून सुनेला वाळीत टाकायचं नसतं.

हा आजार ताटातून, तांब्यातून, संडासच्या सीटवरून लागत नाही. तो शरीरसंबंधात त्वचेला त्वचा लागून पसरतो, कधी कधी अंगावर एकही फोड नसताना.

आता ‘कुठून’. हे मी सांगू शकत नाही आणि रक्ताची तपासणीही सांगू शकत नाही. विषाणू अंगात आहे का एवढंच ती दाखवते. कधी आला, कुणाकडून आला, ते नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन दडतो आणि पहिला फोड कित्येक वर्षांनीही उठू शकतो. बहुतेकांना तर लक्षणं जाणवतच नाहीत. त्यामुळे ‘मला काही झालेलं नाही’ हा तुमचा पुरावा नव्हेच. विषाणू लग्नाआधीचा असेल, तुमच्याकडून गेलेलाही असेल. ताप येऊन गेल्यावर तुमच्या ओठाच्या कडेला कधी फोड उठलेत का, आठवून बघा. तोही हर्पिसच, पहिल्या प्रकारचा, आणि मुखमैथुनातून तो खाली पोहोचतो. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांत हा प्रकार आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बऱ्याच जणांना तो लहानपणीच मिळालेला असतो. एवढ्यावर बायकोची उलटतपासणी घेणार आहात?

आज संध्याकाळी आईंना बसवा आणि बायकोच्या देखत सांगा: ‘तिचा आजार मी तुला सांगायला नको होता. माझं चुकलं. यात वेगळं काही ठेवायची गरज नाही, उद्यापासून पानं एकत्र वाढायची. आणि ही गोष्ट मावशीपर्यंत, आत्यापर्यंत जाता कामा नये.’ आई रुसतील. रुसू देत. तिच्या पाठीमागे झालेलं तिच्यासमोरच निस्तरायचं.

विषाणू शरीरातून पुरता जात नाही, पण पहिला झटका सहसा सर्वांत वाईट असतो. पुढचे सौम्य आणि विरळ होत जातात. असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर हे विषाणूवरचं औषध, फोड उठण्याआधी त्या जागी मुंग्या यायला लागल्याबरोबर सुरू केलं तर फोड लवकर भरतात. वारंवार उठत असतील तर डॉक्टर रोजची गोळी देतात, तिने जोडीदाराला लागण्याचा धोकाही कमी होतो. मुंग्या सुरू झाल्यापासून जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध नकोत, एरवी निरोध वापरा. मूल हवं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच सांगा. योग्य काळजी घेतली की बाळंतपण बहुधा सुखरूप होतं.

खासगी डॉक्टरांकडे संकोच वाटत असेल तर ससूनमध्ये त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. या आठवड्यातच जा. दोघांनी जायचं, तिला दारात सोडून गाडीत बसून राहायचं नाही. आणि केसपेपर दोघांच्या नावाने काढा.