नवा कॉम्प्युटर हप्त्यावर, की जुन्यालाच रॅम?

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतून आलाय. या ताई घरूनच मार्केट यार्डातल्या सहा हळद-बेदाणा व्यापाऱ्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीची कामं बघतात, महिन्याला सोळा-सतरा हजार सुटतात. २०१९ मध्ये सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर, आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, रॅम (म्हणजे चालू कामापुरती मेमरी) ४ जीबी. टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की तो गोठतो. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या: ४२,००० रुपये, १२ महिने ३,८५० चा हप्ता, ‘व्याज फक्त दहा टक्के’. धाकटा दीर म्हणतो, ८ जीबीची रॅम ५,२०० ला मिळते, आपणच बसवू. आणि ताईंच्या मनात तिसरंच आहे, ६०,००० ची एफडी मोडून रोखीनं नवा घ्यावा.

ताई, एफडीचं आधी संपवू. तिला हात लावायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा व्यापाऱ्यांचेच व्यवहार ठप्प होते, मग त्यांचे हिशेब लिहिणाऱ्याला पैसे कोण देणार? ती एफडी तसल्या महिन्यांसाठी आहे.

आता हप्ता. ३,८५० गुणिले १२ म्हणजे ४६,२००. वरचे ४,२०० हे ४२,००० चे दहा टक्के, म्हणून दुकानदार खोटं बोलत नाही. पण पूर्ण ४२,००० तुमच्याकडे वर्षभर राहतातच कुठे? दर महिन्याला मुद्दल उतरत जातं, सहाव्या हप्त्यानंतर जवळजवळ निम्मं फिटलेलं असतं. उतरत्या शिलकीवर हिशेब मांडला की हाच दर वर्षाला १८ टक्के पडतो. शिवाय नव्या मशीनवर टॅलीचं लायसन्स जुन्यावरून सरेंडर करून पुन्हा चालू करा, डेटा हलवा, प्रिंटर जोडा. ती दोन दिवसांची मजुरी कुठल्याच कोटेशनमध्ये नसते.

म्हणून माझा कल दीराकडे आहे. पण ५,२०० सुद्धा लगेच काढू नका. एका कामाच्या दिवशी, नेहमीसारखं सगळं उघडं असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही शंभराला टेकलेली दिसली, तर दुखणं बहुधा रॅमचंच आहे: जागा पुरत नाही म्हणून विंडोज हार्डडिस्कचा रॅमसारखा वापर करतं, आणि हार्डडिस्क त्या वेगाची नसते. मेमरी साठ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क तरीही शंभरावर, असं असेल तर रॅम घालून फरक पडणार नाही. मग तेच पैसे एसएसडीत, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये घाला. हे न बघता खरेदी केली तर पाच हजार रुपये नुसत्या अंदाजावर जातील.

त्याच मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर १ ऑफ २ असेल तर रॅमची जुनी ४ जीबीची पट्टी तशीच राहू दे, शेजारी ८ घाला, १२ होतील. दोन्ही त्यातल्या हळू पट्टीच्या वेगाने चालतील, तुमच्या कामाला ते भरपूर आहे. तुमच्या पिढीच्या डेस्कटॉपला सहसा डीडीआर-४ प्रकारची रॅम लागते, पण ‘सहसा’वर पैसे देऊ नका, जुनी पट्टी काढून तिच्यावरचं स्टिकर वाचा, फोटो काढून दुकानात दाखवा. मी एकदा घाईत डेस्कटॉपसाठी लॅपटॉपची आखूड पट्टी घेऊन आलो होतो. पाकीट फोडलेलं, दुकानदारानं परत घेतली नाही, ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जास्त वेगाची म्हणून महाग पट्टी मात्र नको, तुमचा प्रोसेसर तो वेग वापरणारच नाही.

५,२०० ऐकून तुम्ही दचकलात ते बरोबर आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, कारण कारखान्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली आणि जुन्या डीडीआर-४ चं उत्पादनही आटत गेलं. भाव उतरायची वाट बघत सहा महिने गोठलेल्या पडद्यासमोर बसू नका. वापरलेली पट्टी स्वस्त मिळाली तर माझी हरकत नाही, रॅममध्ये झिजणारा फिरता भाग नसतो. फक्त महिनाभराची लेखी हमी घ्या आणि विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवा.

घरी बसवल्यानं मजुरीचे चार-पाचशे वाचतील, त्याचं मला फार कौतुक नाही. मला आवडलं ते वेगळंच: सहा व्यापाऱ्यांचे हिशेब असलेलं मशीन दोन दिवस कुणाच्या काउंटरवर पडून राहत नाही. काम अवघड नाही. प्लग काढा, मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्लॉटच्या कडेची खिट्टी उघडा, पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबा. ‘टक्’ होऊन खिट्टी आपोआप मिटली पाहिजे. जोर लावावा लागतो, पहिल्यांदा भीती वाटते. खाच जुळत नसेल तर मात्र थांबा, ती चुकीची पट्टी आहे. चालू केल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, दहात नऊ वेळा ती नीट बसलेली नसते. काढून, सोनेरी दात स्वच्छ खोडरबरनं हलकेच पुसून पुन्हा बसवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे जीएसटी पासवर्ड असलेल्या मशीनवर हे चालवून घेऊ नका. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) टीपीएम, म्हणजे सुरक्षेची सोय, बंद असेल तर ते चालू करावं लागेल. सातव्या पिढीचा असता, तर मी नवी रॅम घ्या म्हटलंच नसतं.

नवा कॉम्प्युटर लागणारच आहे, पण दोन वर्षांनी. हप्त्याचे ३,८५० जाणार नाहीत, त्यातले १,५०० दरमहा बँकेत आरडीला टाका. साडेसहा टक्के धरले तर २४ महिन्यांत ३८,४०० च्या आसपास होतात. पतसंस्था अर्धा टक्का जास्त देईल, पण पाच लाखांपर्यंतचं ठेव-विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला असतं, पतसंस्थेतल्या नाही.

झाकण उघडायला ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस टाळा, जीएसटीची रिटर्न अडकली तर लेट फी व्यापाऱ्याला बसेल आणि बोलणी तुम्हाला. २५ नंतरची एखादी दुपार बघा, आणि टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय दीराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊ नका.