‘दाताचे’ जुलाब आणि खोल गेलेली टाळू

“ताई, दात येताना जुलाब होतातच ना? मग औषध कशाला?”

बाळाला पातळ शी होतेय म्हणून दवाखान्यात आणलेलं असतं आणि तरीही हा प्रश्न येतोच. कधी आई विचारते, कधी वडील. गेल्या पावसाळ्यात तो एका आजींनी विचारला. प्रश्न कसला, सांगितलंच त्यांनी.

आठ महिन्यांचा मुलगा. आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेला. तीन दिवस जुलाब, आदल्या दिवशी सात-आठ वेळा. डॉक्टरांनी तपासून ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, सुरू करायला सांगितलं होतं, पण आजी तयार नव्हत्या, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं. माता-बाल संरक्षण कार्डावर पंधरा दिवसांपूर्वीचं वजन होतं ७ किलो २०० ग्रॅम. त्या दिवशी काटा ६ किलो ७०० वर थांबला. अर्धा किलो. एवढ्याशा जिवाला अर्धा किलो म्हणजे फार झालं.

आजींचं म्हणणं साधं होतं. “लाळ गळतेय, हिरड्या शिवशिवतायत, दिसेल ते चावतोय. माझ्या तिन्ही पोरांना असंच झालं. खालचा दात फुटला की बंद होईल.” घरी जायफळाचे दोन वेढे उगाळून देणं चालू होतं. आईला वरचं खाणं बंद करायला सांगितलं होतं आणि अंगावरचं दूधही ‘जड पडतं’ म्हणून कमी केलं होतं.

हे बोलताना त्यांची बोटं सारखी बाळाच्या डोक्यावर जात होती. टाळूवर तेल चमकत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, “तीन दिवस भरतेय टाळू, पण खालीच चाललीय.”

मी तिथंच थांबले. दाताचा विषय बाजूला ठेवला आणि म्हटलं, “आजी, तुम्ही ओळखलंत ते अगदी बरोबर आहे. टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी कमी झाल्यावर. ते तेलानं वरून भरत नाही, आतून भरावं लागतं.” पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. तेही त्यांना दाखवलं. डोळे खोल गेलेले त्यांना आधीच दिसले होते. शू शेवटची कधी झाली, असं आईला विचारलं. तिला आठवेना.

मग वाद झालाच नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं अख्खं पाकीट घातलं आणि वाटी-चमचा आजींच्याच हातात दिला. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा हळू. त्याच्या वजनाला चार तासांत साधारण अर्धा लिटर पोटात जायला हवं होतं. पहिले काही चमचे ओठांतून ओघळले. नंतर तो चमचा दिसला की मान पुढे करायला लागला. मधूनमधून आईनं अंगावर घेतलं. दुपारी दुपटं ओलं झालं, तेव्हा आजींनी ते उचलून मला दाखवलं.

दात आणि जुलाब एकाच वेळी येतात, हे त्यांचं निरीक्षण खोटं नाही. साधारण सहाव्या महिन्यापासून खालचे पुढचे दात डोकावायला लागतात. त्याच सुमारास आईकडून मिळालेलं रोगांपासूनचं संरक्षण ओसरू लागतं, वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगतं आणि हाती लागेल ते तोंडात घालतं. बोलता बोलता मी वडिलांकडे पाहिलं, तर बाळाला गप्प करायला त्यांनी पुढे केलेला गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा थेट त्याच्या तोंडात! त्याआधी तो बाकावर होता, त्याआधी खिशात. जुलाबाचे जंतू असेच आत जातात. गिळलेल्या लाळेनं जुलाब होत नाहीत.

जायफळाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले. त्यानं बाळाला गुंगी येऊ शकते. मग पडून राहिलेलं बाळ जायफळानं पडलंय की पाणी कमी झाल्यानं, हे घरी कळणार कसं? मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची. शीमधून रक्त पडलं, बाळ पीत नाही, उठवूनही उठत नाही, सहा-आठ तास शू नाही, सगळं उलटून टाकतंय, तर दाताची वाट बघू नका, तसंच उचलून दवाखाना गाठा. तापाचंही तेच. दातामुळे अंग जरासं कोमट लागेल, पण १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप दाताच्या नावावर टाकू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तान्ह्या बाळांच्या मृत्यूनोंदीत ‘दात येणे’ हे कारण सर्रास लिहिलं जायचं. तेव्हा ही समजूत काही आपल्याच आज्यांची नाही.

खऱ्या दातांच्या त्रासाला उपाय साधे आहेत: स्वच्छ धुतलेल्या बोटानं हिरड्या चोळणं, गार ओलं फडकं चावायला देणं, लाळेरं वारंवार बदलणं. हिरड्या बधिर करणारं जेल मनानं आणून लावू नका, काही जेलमधलं औषध लहान बाळांना घातक ठरतं.

जाताना आईनं हळूच विचारलं, “शेजारच्या बाळाला चार दात आलेत, ह्याला एकही नाही. कॅल्शियम कमी असेल का? मागे तर नाही ना पडणार?” आठव्या महिन्यात दात नसणं अगदी नेहमीचं आहे आणि उशीर बहुतेकदा घराण्यातच असतो. मूल हुशार की मंद, हे दातांवरून कळत नाही. आधाराशिवाय बसतो का, हाक मारली की वळतो का, ‘बाबा-दादा’ असे आवाज काढतो का, हे बघ, असं तिला सांगितलं. वर्ष उलटूनही एकही दात नाही आला, तर एकदा दाखवायचं.

दहाव्या दिवशी तिघं पुन्हा आले. वजन ७ किलो १५०. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी कड दिसत होती. आजींनी बोटांवर हिशेब केला. जुलाब थांबले शुक्रवारी, दात दिसला पुढच्या मंगळवारी. “म्हणजे तेव्हा दात नव्हताच की,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी जुलाबासाठी दिलेल्या झिंकच्या गोळ्यांचं पाकीट मागितलं, तर चौदांपैकी आठ शिल्लक. जुलाब थांबले म्हणून बंद केल्या होत्या. पूर्ण चौदा दिवस का, हे मी पहिल्या दिवशी नीट सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी. आतड्याचं आतलं अस्तर भरून यायला जुलाब थांबल्यावरही वेळ लागतो, आणि पूर्ण दिलं तर पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत होण्याची शक्यता कमी होते. आजींनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, एक गोळी काढून चमच्यात ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, “थोडं दूध पिळ ह्यात.”