वेळ साडी पाहिल्याची लिहा

प्रश्न : इंदूरला आमचं माहेश्वरी-चंदेरी साड्यांचं दुकान आहे. वेबसाइट मीच सांभाळते. जँगो ही वेबसाइट बनवायची चौकट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवर चालते. गिऱ्हाइकानं आधी पाहिलेल्या साड्या पानाच्या तळाशी दिसाव्यात म्हणून साडीचं पान उघडलं की लगेच नोंद करत होते. दिवाळीच्या गर्दीत पानं रेंगाळायला लागली, तेव्हा ते काम सेलरीकडे (कामं रांगेत लावून मागाहून करणारं सॉफ्टवेअर) सोपवलं. आता पानं झटकन उघडतात, पण यादीचा क्रम मागेपुढे होतो आणि एखादी साडी दोनदा दिसते. काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नोंद पार्श्वभूमीला ढकललीत ते उत्तम केलंत. साडी बघायला आलेल्या बाईंना आपल्या नोंदीपायी ताटकळत ठेवायचं काही कारण नाही. घोळ वेळेचा आहे. तुमच्या वर्णनावरून वाटतं, रांगेत तुम्ही गिऱ्हाइकाचा आणि साडीचा क्रमांक टाकता, आणि वेळ मात्र वर्कर (रांगेतली कामं उरकणारा प्रोग्रॅम) लिहायला बसतो तेव्हाची पडते.

समजा, बाईंनी ११:४२:०५ ला माहेश्वरी पाहिली आणि ११:४२:०९ ला चंदेरी. दोन कामं दोन वर्करांकडे गेली. पहिला कुठेतरी अडकला, दुसऱ्यानं चंदेरी लिहून टाकली, मग माहेश्वरी आली. झाली माहेश्वरी ताजी! सेलरीत एकाहून जास्त वर्कर असले की कामं रांगेतल्या क्रमानंच पुरी होतील याची हमी नसते. म्हणून पान उघडतं त्याच क्षणी, व्ह्यूमध्येच (पान तयार करणाऱ्या कोडमध्येच), वेळ घ्या आणि ती कामासोबत पाठवा. वर्करनं स्वतःचं घड्याळ बघायचंच नाही.

दोनदा दिसण्याचं मूळ वेगळं आहे. तीच साडी पुन्हा उघडली, किंवा काम अर्धवट राहून परत चाललं, तर दुसरी ओळ पडते. गिऱ्हाईक आणि साडी या जोडीवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दोनदा नोंदता येणार नाही, आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ वापरा, म्हणजे जोडी आधीच असेल तर जुनीच ओळ बदलते. पोस्टग्रेसमध्ये ते ९.५ पासून आहे. अपडेट करताना जुनी आणि नवी यांतली नंतरची वेळ ‘ग्रेटेस्ट’नं ठेवा. मग तेच काम पाच वेळा चाललं, उशिरा चाललं, तरी नोंद तीच राहते.

रेडिस (माहिती मेमरीत ठेवणारा झटपट डेटाबेस) हाताशी असेल तर मला तो मार्ग जास्त आवडतो. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक सॉर्टेड सेट (गुणांनुसार क्रम लावलेला संच), त्यात साडीचा क्रमांक आणि गुण म्हणून वेळ. आवृत्ती ६.२ पासून ‘झेडॲड’ या नोंद घालायच्या आज्ञेला ‘जीटी’ जोडता येतं, म्हणजे जुनी वेळ नव्या वेळेवर बसत नाही. शेवटच्या वीस ठेवून बाकीच्या छाटा. हे इतकं हलकं असतं की बहुतेक दुकानांना सेलरीची गरजही पडू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘यादी पुसा’ हे बटण द्याच. आपल्याकडे एकाच फोनवर सासू, सून, लेक सगळ्या साड्या बघतात. मंगळागौरीला सुनेसाठी निवडलेली साडी तिलाच आधी दिसली तर सगळी गंमत गेली. हे बटण दिसतं सोपं, पण त्यात एक खाच आहे : यादी पुसली त्या क्षणी रांगेत एखादं काम पडून असेल, तर ते मागाहून येतं आणि पुसलेली साडी पुन्हा लिहून जातं. बाईंना वाटेल, बटण खोटं आहे. म्हणून पुसल्याची वेळही साठवा आणि तिच्या आधी पाहिलेलं काहीही वर्करनं टाकून द्यावं. पाहिल्याची वेळ कामासोबत असली तरच हे जमतं.

दुकानातून काढून टाकलेल्या साड्या यादी दाखवताना गाळा, लिहिताना नको.

चाचणीला गर्दीची वाट बघू नका. दोन कामं मुद्दाम उलट्या क्रमानं चालवा, मग त्यातलं एक पुन्हा चालवा, मग यादी पुसून एक जुनं काम सोडा. तिन्ही वेळा पान बरोबर दिसलं, तर दिवाळीतही बरोबर दिसेल.