वाट सोडण्याचा हक्क आणि मूरची ओली जमीन

प्रश्न : सप्टेंबरच्या अखेरीस मी मुलीकडे शेफील्डला जात आहे. ग्रिंडलफर्डहून पॅडली गॉर्ज या अरुंद दरीच्या जंगलातून वर मूरवर, म्हणजे झुडपांनी भरलेल्या मोकळ्या माळरानावर जावे आणि संध्याकाळपर्यंत परतावे, असा आमचा बेत आहे. मूरवर वाट सोडून कोठूनही चालण्याचा कायदेशीर हक्क आहे, असे मुलगी सांगते. मग सरळ रेषेत हिगर टॉर हा खडकाळ माथा गाठावा का? वेळ किती धरावा? (एक वाचक, वय ५८)

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे खरे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० सालच्या कायद्याने डोंगर, मूर आणि अशाच इतर मोकळ्या जमिनींवर पायी हिंडण्याचा हक्क दिला असून, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर अशी जमीन फिकट पिवळ्या रंगात दाखवलेली असते. हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी आपण जाणार आहात त्याच पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातील किंडर स्काउट या पठारावर, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या मूरवर, शेकडो तरुण बंदी मोडून चढले आणि त्यांपैकी काहींना त्यासाठी तुरुंगात जावे लागले. तेव्हा हा हक्क आपण जरूर वापरावा. मात्र कोठे वापरायचा हे पायाखालची जमीन पाहून ठरवावे.

मूर दुरून सपाट आणि कोरडा भासतो, पण हीदरच्या झुडपांखाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती असते आणि ती पाणी धरून ठेवते. हिरवेगार, मऊ शेवाळ दिसले की तेथे पाय टाकू नये. गालिच्यासारखा दिसणारा तो पट्टा म्हणजे पाण्याने भरलेले स्पॅग्नम जातीचे शेवाळ असते आणि त्यात पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंतही रुततो. लव्हाळ्यासारख्या गवताचे झुबके हीसुद्धा पाण्याचीच खूण. त्या मानाने हीदर आणि बिलबेरी दाट वाढलेली जमीन बरी असते, पण झुडपांत दडलेले दगड आणि खळगे चाल मंद करतात. वाटेतल्या कार्ल वार्क या जुन्या तटबंदीकडे वळल्यावर ओलसर पट्टे लागतात, तेथे मळलेली वाट सोडू नये.

मार्ग मात्र आपण उत्तम निवडला आहे. शेफील्डहून येणारी गाडी पाच किलोमीटरहून लांब असलेल्या टॉटली बोगद्यातून बाहेर पडते ती थेट ग्रिंडलफर्ड स्थानकातच. तेथून बर्बेज ब्रुक या ओढ्याच्या काठाने पॅडली गॉर्ज चढताना घाई करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वाकड्यातिकड्या ओक वृक्षांवर आणि खालच्या शिळांवर शेवाळ चढलेले आहे, आणि पीटमधून झिरपत आलेले ओढ्याचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. ओल्या मुळांवरून पाय घसरतो; इथे बूट चिखलापेक्षा पकडीसाठी हवेत. या परिसरात जात्याच्या पाळीसारखे, पण माणसाच्या कमरेपर्यंत येणारे दगड पडून आहेत. खाणींतून घडवलेले हे गिरणीचे दगड गिऱ्हाईक न मिळाल्याने जागीच राहिले.

जंगल संपले की कार्ल वार्कची प्राचीन दगडी तटबंदी, मग ४३४ मीटर उंचीचा हिगर टॉर आणि परतताना बर्बेज दरीच्या पूर्वेकडील रुंद वाटेने लाँगशॉमार्गे पुन्हा स्थानक, असा साधारण बारा किलोमीटरचा फेरा होतो. ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ सालचा हिशेब लावला, तर सुमारे तीनशे मीटरच्या चढासह तीन तास निघतात. त्यात थांबणे, ओली जमीन आणि शिळांवरची सावध पावले मिळवून आपण सहा तास धरावेत आणि सकाळी दहाच्या आत चालू लागावे, कारण त्या दिवसांत सातच्या सुमारास सूर्य मावळतो.

खरी भीती धुक्याची. मूरवर ते मिनिटांत उतरते आणि मग शंभर पावलांवरचा टॉरही दिसत नाही. कागदी नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी जवळ ठेवावी. अडचणीत मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, हा मदतीचा संकेत आहे. फोन लागल्यास ९९९ या तातडीच्या क्रमांकावर पोलिसांमार्फत ‘माउंटन रेस्क्यू’, म्हणजे डोंगरातील बचाव पथक मागावे.

नेच्यांच्या झाडीतून जाताना पँट मोज्यांत खोचावी आणि घरी परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत गोचीड शोधावी. आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून हळूहळू सरळ ओढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरणारा लाल चट्टा उमटला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगावे.