तीर्थनला ट्राउटसाठी जाताना सामान कुठून घ्यावं आणि दुकान कसं पारखावं?

तुमचा प्रश्न असा आहे: एप्रिलमध्ये चार दिवस हिमाचलात तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंगला जाताय, हात नवा आहे, तर सामान पुण्यात घ्यावं, ऑनलाइन मागवावं की तिथल्या दुकानातून घ्यावं, आणि तिथलं दुकान चांगलं आहे हे इथे बसून कसं कळणार? मी कोथरूडचा, तीर्थनला तीनदा जाऊन आलोय. माझं स्पष्ट मत आहे की बूट इथून न्यावेत, हातही इथेच बसवावा; पण रॉड, लाइन, लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) आणि फ्लाय नदीकाठच्या माणसाकडूनच घ्यावं.

पहिल्या खेपेला मी बरोबर उलटं केलं होतं. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून नऊ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे किती वजनाची लाइन चालते तो आकडा) रॉड आणि रील घेतली. लाइन मागितली तर काउंटरवरच्या माणसाने रीलवर आपला नेहमीचा तंगूस भरून दिला. मला तेव्हा फरक माहीत नव्हता. साध्या गळाला शिसं किंवा लूर (नकली आमिष) असतो आणि त्याच्या वजनाने तंगूस सुटत जातो. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला छोटासा गळ, त्याला वजन असं नसतंच. इथे फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन. फ्लाय नुसती तिच्यामागे जाते. म्हणून रॉडवर जो आकडा, तोच लाइनवर लागतो. ५ च्या रॉडला ५ ची लाइन. गुशैणीजवळ काठावर उभा राहून मी दिवसभर हात फिरवत होतो आणि फ्लाय पायापाशीच पडत होती. चारातला एक दिवस असा गेला.

संध्याकाळी होमस्टेवाल्यांनी एका ओळखीच्या माणसाकडे नेलं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, भिंतीला चार रॉड आणि फ्लायचे दोन डबे. त्यांनी आधी काहीच विकायला काढलं नाही. विचारलं, किती दिवस आहात, पाण्यात उतरणार की काठावरून टाकणार, पोहता येतं का. मग सकाळी नदीवर घेऊन गेले, पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला आणि खाली चिकटलेले तीन शेपट्यांचे चपटे किडे दाखवले. ट्राउट सध्या हेच खातोय, म्हणाले. त्या किड्याशेजारी आपल्या डब्यातली १४ नंबरची तपकिरी फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय) ठेवली, तर दोन्ही सारखे दिसत होते. त्यांच्याच रॉडवर, त्यांच्याच लाइनवर, दहाच्या सुमारास मला पहिला ब्राउन ट्राउट लागला. वीतभर असेल. ओल्या हाताने सोडून दिला. तो दगड उलटा झाला तेव्हा मला कळलं की दुकान कशाला म्हणायचं.

पुण्यातल्या दुकानदारांना मी कमी लेखत नाही. खडकवासल्याला, पानशेतला चिलापी कशावर लागते, कटल्याला काय भिजवून लावायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि तिथल्या पाण्यासाठी मी त्यांनाच विचारतो. पाणी ज्याचं, सल्ला त्याचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये आपल्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन छापलं, तेव्हा शास्त्रीय नावात इथल्या लोकांचा शब्दच घेतला: खुदरी. ट्राउट मात्र इथला नाही. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं, आणि कुलू भागातही तो इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणून सोडलेला आहे. इथल्या काउंटरवर त्याच्याबद्दल नेमकं उत्तर मिळेल ही अपेक्षाच चुकीची.

आता इथे बसून पारख कशी करायची? बंजार, नागिणी, गुशैणी या पट्ट्यातल्या दोन-तीन जणांना फोन करा. भाड्याचे रॉड ठेवणारा आणि गाइड म्हणून येणारा माणूस बहुतेकदा एकच असतो. पहिला प्रश्न दराचा नको. गेल्या आठवड्यात पाण्याचा रंग कसा होता, ते विचारा. रोज नदीवर जाणारा माणूस लगेच सांगेल. न जाणारा ‘या तुम्ही, सगळं मस्त आहे’ म्हणेल. मग फ्लाय कुठल्या नंबरची चालतेय, रॉड-लाइन किती वेटची आहे, गळ बार्बलेस (टोकाला उलटा काटा नसलेले) आहेत का, हे विचारा. शेवटी परवान्याचा विषय काढा. मत्स्य विभागाचा परवाना लागतोच, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची बंदी असते. डिसेंबरमध्येही चालेल म्हणणाऱ्याचा, किंवा परवान्याची काय गरज म्हणणाऱ्याचा नंबर खोडून टाका. मासा नक्की मिळेल अशी हमी देणाऱ्याचाही. आणि त्याने तुम्हाला उलट प्रश्न विचारले, तर बहुधा तुमचा माणूस सापडला.

फ्लाय घेताना घासाघीस करू नका. डझनभर घ्या, निम्म्या दगडांत आणि झाडांत जाणारच. नऊ फुटी ५एक्स (हा जाडीचा आकडा) लीडर दोन जास्तीचे घ्या.

जाण्याआधी मात्र रोज सकाळी अर्धा तास मैदानावर सराव हवाच. फ्लायऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधा, मागे पन्नासेक फूट मोकळं ठेवा. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचं. सगळी चूक त्या थांबण्यात होते. सरावासाठी स्वतःचा रॉड घेणार असाल तर चार तुकड्यांचा घ्या, बॅगेत मावतो. विमानाने जाताना गळ चेक-इन बॅगेतच ठेवा.

बुटांचं मी सुरुवातीला म्हणालो कारण तिथे आपल्या मापाचे मिळतीलच असं नाही, आणि तीर्थनचे दगड शेवाळाने फार निसरडे असतात. बर्फ वितळून दुपारनंतर पाणीही चढतं. माझ्याकडे फेल्टच्या तळाचे ९ नंबरचे बूट आहेत. माप जुळत असेल तर खाली लिहा, घेऊन जा. परत आणताना फक्त धुऊन पूर्ण वाळवून आणा, एका नदीतली घाण दुसऱ्या नदीत जायला नको.