ती दोरी सोडणार कोण?

ताई, जानेवारीत वसईत आमचं लग्न झालं. पांढरा गाऊन कव्हर घालून कपाटात ठेवलाय. पुन्हा कधी घालणार? म्हणून ‘ट्रॅश द ड्रेस’ शूट ठरवलंय, म्हणजे लग्नाचा गाऊन मुद्दाम खराब होऊ देत काढायचे फोटो. येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता, कळंबच्या किनाऱ्यावर, कमरेएवढ्या पाण्यात. फोटोग्राफर म्हणतो, तेव्हा पाणी भरलेलं असतं, लाटा छान मिळतात. पण सासूबाईंनी अबोला धरलाय. ज्या गाऊनमध्ये चर्चमध्ये आशीर्वाद घेतला तो चिखलात लोळवणं म्हणजे अपशकुन, म्हणतात. लग्नात गाऊनची मागची दोरी बांधायला माझ्या ताईला पंचवीस मिनिटं लागली होती, ती आता कुवेतला परत गेली, पण नवरा बांधेल कशीतरी. सासूबाईंची समजूत कशी घालू?
– वसईची नवी सून

अगं पोरी, सासूबाईंचं नंतर बघू. मी तुझ्या त्या पंचवीस मिनिटांपाशीच अडकले आहे. घरात, भरपूर उजेडात, सख्ख्या बहिणीला जी दोरी बांधायला एवढा वेळ लागला, ती लाटा अंगावर येत असताना सोडणार कोण? फोटोग्राफरच्या हातात कॅमेरा, नवऱ्याच्या हातात रिफ्लेक्टर, आणि तुझे हात पाठीमागे पोचत नाहीत. सॅटिनच्या दोरीची सुरगाठ भिजून ताणली गेली की तिची निरगाठ होते, आणि ती नखांनी सुटत नाही. एकदा पाण्यात उतरलीस की तो गाऊन तुझ्या अंगावरून निघणार नाही.

भिजलेला गाऊन कसा वागतो, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पाण्यात शिरताना घेराखाली हवा अडकते, झगा फुगून वर येतो, गंमत वाटते. थोड्याच वेळात ती हवा निघून जाते. मग नेटचे थर आणि कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारा आतला परकर, पायांना गुंडाळतात, पाऊल उचलता येत नाही. लाट परतताना मागची ट्रेन, म्हणजे जमिनीवर लोळणारा लांब घोळ, शिडासारखी पाणी धरते आणि तुला आत खेचते. पडून उठायला गेलीस तर थरांत साठलेलं सगळं पाणी कमरेवर लटकतं. 2012च्या ऑगस्टमध्ये कॅनडात, क्वेबेकमधल्या रॉडन गावच्या डॉरविन धबधब्यापाशी, लग्नाला जेमतेम दोन-अडीच महिने झालेली एक मुलगी लग्नाच्या गाऊनमध्ये असेच फोटो काढून घेत होती. गाऊन भिजून जड झाला. फोटोग्राफरने तिला बाहेर ओढायची धडपड केली, पण ती वाचली नाही.

तेव्हा शनिवारचं शूट आजच रद्द कर. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच फोन लाव.

गाऊन मात्र जरूर घाल. तुझा आहे, कपाटात पिवळा पडण्यासाठी शिवलेला नाही. या प्रकाराच्या नावातच झगा खराब करणं आहे, खोल पाण्यात जाणं नाही. फक्त आठवडाभर थांब. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. या शनिवारी अष्टमी. आठची पाऊणपट सहा, म्हणजे तुला नेमकी पूर्ण भरतीची वेळ दिली आहे. पुढच्या शनिवारी पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप लांब गेलेलं. ओल्या रेतीवर पाण्याचा जो पातळ थर राहतो, त्यात मावळतीचं आकाश आणि तुझा पांढरा घेर आरशात दिसावा तसा उमटतो. कमरेएवढ्या पाण्यात अर्धा गाऊन दिसतच नाही गं.

पाणी घोट्याच्या वर येऊ द्यायचं नाही. कॅनकॅन घरीच काढून ठेव. ओहोटीच्या मागे आतवर जाऊ नका, तिथे चिखल लागतो आणि भरती फिरली की सखल जागांतून पाणी तुमच्या पाठीमागे भरतं. पहिल्या तासात ते हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने. सूर्य बुडाला की शूट संपलं.

दोरी नवी, साधी घाल, म्हणजे वेळ पडली तर सरळ कापता येईल. बोथट टोकाची कात्री घेऊन कोरड्या रेतीवर एक माणूस उभं हवं, ज्याला दुसरं काही काम नाही. ते काम सासूबाईंना सांग. समजूत घालत बसू नकोस, “आई, मला तुम्ही सोबत हव्या आहात” एवढंच म्हण.

घरी आल्यावर त्याच रात्री गाऊन मोठ्या टबात गोड्या पाण्यातून तीनदा काढ, पिळू नकोस. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं, हुक गंजतात, धातूचे मणी काळे पडतात. ओला गाऊन हँगरला टांगलास तर स्वतःच्या वजनाने कमरेपाशी फाटेल. खाटेवर चादर घालून सावलीत आडवा पसर. खालच्या दुमडीत रेती साठलेली असते. वाळल्यावर तिथली दोन इंच शिलाई उसव, रेती झटकून काढ आणि पुन्हा टाके घाल.